नाशिकची नागरी सेवा: चेहेडीचं पाणी, पेठ रोडची धूळ, कॉलेज रोडचा गोंगाट

नाशिक महापालिकेच्या सेवेला पाचपैकी किती गुण, असं कोणी विचारलं तर आधी त्यालाच विचारावं लागतं, बाबा राहतोस कुठे? गंगापूर रोडचा माणूस चार देईल आणि तक्रार करेल ती लग्नाच्या लॉन्सवरच्या डीजेची. जेल रोडचा नळाच्या पाण्याचा वास सांगेल, पेठ रोडचा धूळ. सिडकोतल्याला रात्री गाडी कुठे लावायची हा प्रश्न पडलेला असतो आणि जुन्या नाशकातला माणूस मे संपत आला की घराच्या भिंतीकडे बघायला लागतो. घरपट्टीचं बिल मात्र सगळ्यांना एकाच छापाचं येतं.

यात विभागीय कार्यालयातल्या साहेबांच्या स्वभावाचा भाग थोडाच. ७ नोव्हेंबर १९८२ ला महापालिका झाली तेव्हा नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या तीन नगरपालिका आणि भोवतालची वीसेक खेडी एकत्र आली. गोदाकाठचं गावठाण, एमआयडीसीलगतच्या कामगार वसाहती, सिडकोची योजना, रेल्वे आणि नोटांच्या प्रेसच्या आधाराने वाढलेलं नाशिकरोड, द्राक्षमळ्यांत पडलेले लेआउट. प्रत्येकाच्या रस्त्याखालची पाइपलाइन वेगळ्या काळातली, वेगळ्या हिशेबाने टाकलेली. कागदावर आज पंचवटी, नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, नाशिकरोड, नवीन नाशिक (म्हणजे सिडको) आणि सातपूर असे सहा विभाग आहेत, पण तक्रारी या हद्दी पाळत नाहीत. वस्ती कशी वसली, त्यावर तिथलं दुखणं ठरतं. घर घेणाऱ्याने किंवा भाड्याने बघणाऱ्याने ‘एरिया चांगला आहे का’ एवढंच विचारलं तर त्याला काहीच कळत नाही, ते त्यामुळेच.

पाण्यात नाशिक नशीबवान, हे आधी मान्य करू. गंगापूर धरण शहराच्या उशाशी आहे, मुकणे धरणातून विल्होळीच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत थेट जलवाहिनी आहे आणि नाशिकरोडच्या भागासाठी दारणा नदीवर चेहेडीच्या बंधाऱ्याचं पंपिंग आहे. मराठवाड्यातल्या पाहुण्यांना ‘आमच्याकडे रोज पाणी येतं’ म्हटलं की पुढे बोलणं होत नाही. (ऑक्टोबरात जायकवाडीसाठी पाणी सोडायची वेळ आली की मात्र बोलणं होतं, आणि चांगलंच तापतं.) तरी रोज येणारं पाणी सगळीकडे सारख्या प्रतीचं किंवा सारख्या दाबाचं नसतं.

चेहेडीचंच घ्या. वालदेवी दारणेला मिळते त्याच परिसरात हा बंधारा आहे आणि वालदेवी वाटेतल्या वस्त्यांचं सांडपाणी घेऊन येते. दारणेचं आवर्तन, म्हणजे धरणातून ठरावीक पाळीने सोडलेलं पाणी, चालू असतं तोवर वाहत्या पाण्यात ते निभावून जातं. उन्हाळ्यात आवर्तन थांबलं की बंधाऱ्यात पाणी साचून राहतं आणि वालदेवीचं पाणी उचल होते तिथपर्यंत पसरतं. मग शुद्धीकरणात क्लोरिन जास्त लागतं, तरी पिवळटपणा आणि वास उरतो. अशा वेळी चेहेडीची उचल थांबवून किंवा कमी करून नाशिकरोडला गंगापूर-मुकणेचं पाणी वळवलं जातं. वास जातो, पण तेच पाणी जास्त लांब आणि जास्त नळांना पुरवायचं असल्याने दाब पडतो. म्हणून नाशिकरोडकर एप्रिलमध्ये वासाची आणि मेमध्ये ‘प्रेशरच नाही’ अशी तक्रार करतात, तेव्हा बहुतेक वेळा दुखणं एकच असतं.

वासाचं पाणी आलं की आधी घड्याळ बघावं. पहिली पाचसात मिनिटंच गढूळ येऊन नंतर स्वच्छ होत असेल तर दोष तुमच्या गल्लीतला: वाहिनीच्या सांध्यात किंवा एखाद्या नळजोडणीच्या फेरूलपाशी (जोडणी मुख्य वाहिनीला मिळते तिथे) गळती आहे आणि शेजारून गटार जातंय. पुरवठा बंद असताना वाहिनी रिकामी होते आणि बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. कोणी थेट नळाला मोटार लावली तर हे आणखी वेगाने होतं. शेवटच्या घराला पाणी कमी येतं म्हणून तो मोटार लावतो, त्याचं बघून शेजारी लावतो आणि सगळ्या गल्लीच्या पाण्यात ड्रेनेज मिसळतं. याउलट पुरवठ्याच्या पूर्ण वेळात एकसारखा वास असेल, दोन गल्ल्यांपलीकडेही तोच असेल, तर दोष जलकुंभात किंवा उचलीच्या ठिकाणी. तक्रारीत हा फरक लिहिला तर पाणीपुरवठ्याच्या माणसांना खड्डा कुठे खणायचा हे कळतं. ‘पाणी खराब येते’ एवढंच लिहिलं तर व्हॉल्व्हमन येऊन बघून जातो, तेही पाणी गेल्यावर.

घरच्या घरी क्लोरिन तपासायला ओटी (ऑर्थोटोलिडीन) द्रावण पुरतं. पाणी आल्या आल्या परीक्षानळीत घ्यायचं, बाटलीवर लिहिल्याइतके थेंब टाकायचे आणि लगेच रंग बघायचा. फिकट पिवळा आला तर क्लोरिन शिल्लक आहे. आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. रंगच आला नाही तर पाणी उकळूनच प्या. पंधरा मिनिटांनी रंग बघितला तर तो फसवा असतो. बोअरचं पाणी मिसळणाऱ्या सोसायट्यांनी टीडीएसबरोबर (विरघळलेले क्षार) कठीणपणाही तपासावा: टीडीएस ५०० आणि कठीणपणा २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर मर्यादा अनुक्रमे २००० आणि ६००.

पाथर्डी फाटा, वडाळा, म्हसरूळ, आडगाव या बाजूंच्या नव्या वसाहतींत रोग वेगळा. तिथे पाणी स्वच्छ, पण वाहिनीच्या शेपटाला. बिल्डरने जमिनीखालची टाकी केवढी बांधली यावर तिथलं सुख अवलंबून असतं. हिशेब सोपा आहे. माणशी १३५ लिटर हे शहरी पुरवठ्याचं प्रमाण. सोळा फ्लॅट, घरटी चार माणसं म्हणजे दिवसाला ८,६४० लिटर. जमिनीखालची टाकी निदान दीड दिवसाची, म्हणजे तेरा हजार लिटरची हवी. आठ हजारांची असेल तर पाणी एक दिवस चुकलं की टँकर आलाच. घर बघताना गॅलरीतून त्र्यंबकच्या बाजूचे डोंगर दिसतात का हे सगळे बघतात, टाकीचं झाकण कोणी उघडून बघत नाही.

पाण्याला एकूण पाचपैकी साडेतीन. नाशिकरोडला उन्हाळ्यात दोन.

रस्त्यांचं दुखणं पंचवटीच्या बाहेरच्या अंगाला सर्वांत जास्त. पेठ रोड हा गुजरातकडे जाणारा रस्ता, त्यावर दिवसरात्र अवजड गाड्या, आणि खाली काळी माती. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पुरेसा मुरूम आणि खडीचा थर दाबून न घेता डांबर अंथरलं तर पहिल्याच पावसाळ्यानंतर मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडतात, त्यातून पाणी आत जातं आणि ट्रकच्या चाकाखाली खालचा चिखल वर येतो. उन्हं पडली की त्याच चिखलाची धूळ होते. रस्त्यालगतच्या घरांत खिडक्या बंद ठेवून राहण्याची पाळी येते ती अशी. पाण्याचा टँकर फिरवून धूळ बसते, पण दोन तासांपुरती. या मातीवर काँक्रीट जास्त टिकतं हे खरं, पण कडेची गटारं आधी व्हायला हवीत. नाहीतर काँक्रीटच्या कडा खालून पोखरल्या जातात.

शहरात इतर ठिकाणी रस्ता बिघडतो तो मुख्यतः खोदकामाने. गॅस, केबल, ड्रेनेज, पाणी, पाळीपाळीने सगळे खोदतात. चर बुजवताना पंधरा-वीस सेंटिमीटरचे थर टाकून प्रत्येक थर पाणी मारून ठोकायचा असतो. होतं असं की निघालेली माती एकदम आत लोटतात, वर कच पसरतात आणि निघून जातात. पावसात चर बसतो आणि रस्त्यावर नाली तयार होते, दुचाकी बरोबर तिच्यात घसरते. खोदकाम चालू असतानाच परवानगीची प्रत आणि रस्ता पूर्ववत करण्याची मुदत विचारावी. एकदा ठेकेदार गेला की कोणत्या खात्याने खोदलं हे शोधण्यात पावसाळा संपतो. वाहतुकीचं म्हणाल तर द्वारका आणि इंदिरानगरचा बोगदा यांवर लिहावं तेवढं थोडं, पण लिहून काही उपयोग नाही. पादचाऱ्यांसाठी बांधलेला द्वारकेचा भुयारी मार्ग लोकांनी कधी आपला मानलाच नाही, कारण वरून पळत जाणं लवकर होतं.

जुन्या नाशकात रस्ता नाही, घरच काळजीचं कारण. वाड्यांच्या भिंती मातीच्या, विटांच्या आणि चुन्याच्या, त्यात अडकवलेल्या सागवानी कड्या, म्हणजे तुळया. कौलं सरकली की पाणी भिंतीच्या माथ्यातून आत उतरतं. भिंतीत रुतलेलं कडीचं टोक बाहेरून दिसत नाही आणि तेच आधी कुजतं. भिंतीला पोट आलेलं दिसलं, दाराची चौकट अचानक घासायला लागली किंवा कडीच्या खाली ताजी माती गळायला लागली, तर पावसाळा संपायची वाट बघू नये. पालिका दर वर्षी पावसाळ्याआधी धोकादायक घरांना नोटिसा देते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ प्रमाणे तीस वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेणं ही मालक-भोगवटादाराची जबाबदारी. पण नोटिशीने घर रिकामं होत नाही, त्याचं कारण भाडं. मालकाला मिळणाऱ्या भाड्यात कौलंसुद्धा बदलून होत नाहीत आणि भाडेकरूला वाटतं, एकदा बाहेर पडलो की हक्क गेला. इथे पालिकेने नुसती नोटीस चिकटवून थांबू नये. भाडेकरूच्या ताब्यातल्या जागेचं मोजमाप करून लेखी नोंद दिली तर निम्मे लोक निमूट बाहेर पडतील. भाडेकरूनेही ही नोंद आणि पंचनामा हातात आल्याशिवाय कुलूप लावू नये, आणि भिंतीने पोट काढलं असेल तर मात्र आधी जीव वाचवावा, कागद नंतर.

पुराचं माप या भागात अजून गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरच घेतात. पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवतात, छातीला लागलं की शटर ओढतात. होळकर पुलाखालचा विसर्ग क्युसेकमध्ये जाहीर होतो, तो आकडा ऐकून दुकानदार मारुती बघायला माणूस पाठवतो. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ चे पूर लोकांच्या लक्षात आहेत. नदीकाठी घर किंवा गाळा घेताना निळी आणि लाल पूररेषा नगररचना विभागाच्या नकाशावर बघावी. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. आणि फक्त गोदावरी बघून भागत नाही. नासर्डी, वाघाडी, वालदेवी या उपनद्या धरणातून थेंब न सोडताही दोन तासांच्या पावसात वस्तीत शिरतात. जुन्या नाशकातल्या काझीगढीवर तर पाणी न चढताही धोका असतो, कारण मातीचा उंचवटाच नदीकडे ढासळतो.

सिडकोतली घरं कामगारांसाठी बांधली, सुमारे पंचवीस हजार, सहा योजनांमध्ये. रस्त्यांची रुंदी ठरवताना दारात सायकल धरली होती. आता एका घराचे तीन मजले झाले आहेत, खालच्या भिंती मात्र एका मजल्याच्या हिशेबाच्या, आणि प्रत्येक मजल्याची निदान एक दुचाकी. समोरासमोर गाड्या लागल्यावर अग्निशमनाचा बंब आत जाईल एवढी वाट उरत नाही. रात्री गाड्यांची तोडफोड आणि जाळपोळ हा इथल्या आणि नाशिकरोडच्या वस्त्यांतला नेहमीचा धसका. त्यात पालिकेचा वाटा दिव्यांचा. खांबावर क्रमांक रंगवलेला असतो, दिवा बंद असल्याची तक्रार करताना तो क्रमांक द्यावा. ‘आमच्या गल्लीतली लाइट’ म्हणून दिलेली तक्रार पंधरा दिवस फिरते. घर विकत घेताना वाढीव मजल्याला परवानगी आहे का आणि सिडकोकडचं हस्तांतरण विकणाऱ्याच्या नावावर झालंय का, हे दोन कागद आधी मागावेत. तीन वेळा नुसत्या साठेखतावर विकलेलं घर स्वस्त मिळतं, कर्ज मात्र मिळत नाही.

कागदांचा विषय निघालाच आहे तर शहरात इतरत्र भोगवटा दाखला बघा. नाशकात फ्लॅटमधल्या कपाटांचं क्षेत्र बांधकामात धरायचं की नाही यावरून कितीतरी इमारतींचे दाखले वर्षानुवर्षं अडकले होते. नंतर मार्ग निघाला, पण सगळ्यांनी शुल्क भरून दाखला घेतला असं समजू नये.

सातपूर-अंबडला वासाची तक्रार सर्वांत अवघड, कारण अधिकारी येईपर्यंत वास गेलेला असतो. कारखान्यांच्या प्रदूषणाचा विषय महापालिकेचा नाही, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. त्यांचं प्रादेशिक कार्यालय त्र्यंबक रोडवर उद्योग भवनात आहे. अर्जात तारीख, वेळ, वारा कोणत्या दिशेचा आणि वास कसा (सडका, ॲसिडचा, जळक्या रबराचा) हे आठवडाभर टिपून दिलं तर तपासणीला दिशा मिळते. नासर्डीला फेस दिसला तर दोन पुलांवरून एकाच वेळी फोटो काढावेत. वरच्या पुलाला फेस नाही आणि खालच्याला आहे म्हटल्यावर मधले नाले मोजकेच उरतात.

गंगापूर रोड-कॉलेज रोडची दुखणी सुखवस्तू आहेत, पण दुखणीच. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ डेसिबल. लग्नसराईत लॉन्सच्या शेजारी हे आकडे म्हणजे विनोद वाटतो. फोन ११२ ला करावा, पालिकेला नाही. मोबाइलवरचं डेसिबल ॲप पुरावा म्हणून चालत नाही, वेळेसह व्हिडिओ काढलेला बरा. बिबट्याची भीती एके काळी दारणाकाठच्या उसापुरती होती, आता ती या उच्चभ्रू सोसायट्यांतही आली. ओला कचरा उघड्यावर टाकला की भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. बिबट्या दिसल्यास वनविभागाचा १९२६ हा क्रमांक. गर्दी जमवून व्हिडिओ काढण्याइतका मूर्खपणा नाही, बिथरलेला बिबट्या माणसावर येतो.

घंटागाडी ही नाशिकची खरी जमेची बाजू. वेळेची शिस्त बऱ्याच भागांत आहे, ओला-सुका वेगळा घेतात आणि कचरा पाथर्डीच्या प्रकल्पावर जातो. गाडीत दोन कप्पे असताना कामगार दोन्ही एकात ओतताना दिसला तर गाडीचा क्रमांक टिपून कळवा. जुन्या नाशकातल्या बोळांत गाडी शिरत नाही, कोपऱ्यापर्यंत डबा न्यावा लागतो, आणि म्हातारी माणसं तो कोपऱ्यावरच ओततात. कचऱ्याचे काळे ठिपके (ब्लॅक स्पॉट) तिथेच तयार होतात. दिवसाला शंभर किलोंहून जास्त कचरा करणाऱ्या सोसायट्यांनी आणि हॉटेलांनी त्यातला ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असा नियम आहे. चार गुण.

जुलै २०२१ मध्ये सुरू झालेली सिटीलिंक ही पालिकेची शहर बस नाशिकरोड-सीबीएस-निमाणी अशा मुख्य वाटांवर उत्तम. कॉलनीत आत राहणाऱ्याला शेअर रिक्षाच बरी.

सर्वांत कमी गुण तक्रार निवारणाला, दोन. पालिकेच्या ई-कनेक्ट ॲपवर फोटो, ठिकाण टाकून तक्रार देणं सोपं आहे. पण ‘निराकरण झाले’ असा संदेश येतो तेव्हा बऱ्याचदा तक्रार फक्त एका खात्याकडून दुसऱ्याकडे गेलेली असते. तुंबलेलं चेंबर ड्रेनेजचं की पावसाळी गटाराचं, यावर ती बंद होते. म्हणून एका तक्रारीत एकच गोष्ट लिहा. संदेश आला की त्याच दिवशी त्याच जागेचा नवा फोटो टाकून तक्रार पुन्हा उघडा. दोनदा असं झालं तर विभागीय अधिकाऱ्यांच्या नावे कागदी अर्ज, दोन प्रतींत. एका प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा, तो नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. पुढची पायरी पालिकेचं मुख्यालय, शरणपूर रोडचं राजीव गांधी भवन. दाखले, नळजोडणी अशा अधिसूचित कामांना २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याची मुदत आहे, ती उलटली तर अपील करता येतं. नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर बराच काळ प्रशासकच होता, तेव्हा ज्या वसाहतींनी आवक क्रमांकांची फाइल ठेवली त्यांची कामं सरकली.

पंचवटीत, विशेषतः तपोवन परिसरात जागा घेणाऱ्यांसाठी एक जादा सूचना. सिंहस्थासाठी साधुग्रामची आरक्षणं आहेत, शिवाय मखमलाबाद-हनुमानवाडी शिवारात नगररचना योजनेचा विषय. दलालाच्या तोंडी हमीवर न जाता सर्व्हे क्रमांक देऊन झोन दाखला आणि भाग नकाशा काढा.

आणि घर बघायला दुपारी दोनला जाऊ नका. त्या वेळी पाणी गेलेलं असतं, लॉन्स झोपलेले असतात आणि सिडकोतल्या गाड्या कामावर गेलेल्या असतात. एक फेरी नळाच्या वेळेला मारा, दुसरी रात्री साडेदहाला.